लॉरीचा खांदा

मी चकती बोलतेय. काकडीची नव्हे हो, लोखंडाची! दोन बोटं जाड, परातीएवढी गोल, अंगावर अकरा भोकं. सध्या सौंदडजवळच्या एका गावात शाळेच्या पडवीत साखळीला लटकलेली असते. मास्तर हातोडीने हाणतात, मी ठणाणते, आणि पोरं दप्तरं घेऊन घराकडे पळतात. यंदा पंधरा ऑगस्टला तर मला इतकं बडवलं की दोन दिवस अंग ठणकत होतं. तुम्ही म्हणाल, बरं चाललंय की हिचं. बसा जरा, सांगते.

जन्माने मी मिलवाली. गोंदियातल्या एका धानाच्या मिलीत बॉयलरचा पत्रा होते. पंचवीस-तीस वर्षं उकडत्या धानाचा वास घेतला. बॉयलर फुटला तशी भंगारात पडले. तिथेच गंजून गेले असते तर आज ही कहाणी नसती.

पण लढाई संपली आणि पलटणीच्या जुन्या लॉऱ्या विकायला निघाल्या. मिलीच्या शेठनं एक घेतली. तिचं मागचं एक चाक मोडकं, आणि बाजारात मिळालं ते दुसऱ्याच जातीच्या गाडीचं. लॉरीला खुंट्या पाच, चाकाला भोकं सहा. जमायचं कसं?

बकाराम मिस्त्रीनं सरळ सांगितलं, "शेठ, जातीचं चाक येऊ द्या. महिनाभर थांबा."

"अरे मिस्त्री, काम चलाओ!"

काम चलाओ. या दोन शब्दांनी जगात किती माणसं खाल्ली असतील, देव जाणे. बकारामनं मान खाली घातली आणि मला कापली. पाच भोकांनी मी लॉरीला धरलं, सहा भोकांत नव्या खुंट्या बसवून चाकाला धरलं. न जुळणाऱ्या दोन घरांची सोयरीक मी एकटी सांभाळणार होते.

लॉरी चालवायला भोजराज. तिशीतला, शांत, हसरा गडी. त्याला बकारामनं बजावलं, "हे चकती कोरडी राहिली पाहिजे. कोरड्यालेच कोरडं धरते. तेलातुपाचा थेंब लागू देऊ नोको. अन् चाक काढून बसवलं का दोन कोसांवर थांबून पुन्हा पाना मार." भोजराजनं सगळं ध्यानात ठेवलं.

भोजराजचा बाप सुकराम मात्र तेव्हा चहा प्यायला गेला होता. जन्मभर बैलगाडी हाकलेला माणूस. आदल्या उन्हाळ्यात त्याचे दोन्ही बैल रोगानं एका आठवड्यात गेले, तेव्हापासून म्हातारा बोलेनासा झाला होता. परत आल्यावर त्यानं माझ्यावर हात ठेवला आणि विचारलं, "हे कायले लावली रे?"

बकारामनं त्याला समजेल असं सांगितलं, "समदा भार हिच्यावर येते, काका. हा लॉरीचा खांदा समजा."

खांदा! मलाही तो शब्द आवडला होता, खोटं कशाला बोलू.

पुढे पोळा आला. आदल्या दिवशी आमच्या भागात बैलांची खांदशेकणी असते. वर्षभर जू वाहिलेल्या खांद्याला पळसाच्या पानानं तूप-हळद चोळायची आणि बैलांना म्हणायचं, आज आवतन घ्या, उद्या जेवायला या. त्या दुपारी भोजराज लॉरी घेऊन घरी आला होता. चाक पंक्चर झालं म्हणून त्यानं ते काढलं, ट्यूब जोडली आणि जेवायला आत गेला. रिकाम्या गोठ्याशेजारी मी उघडी बसले होते.

सुकराम आला. हातात वाटी, वाटीत गरम तूप-हळद. माझ्यासमोर उकिडवा बसला. "बैल नाही त काय झालं, बाई? वझं त तूच ओढून राहिली." आणि पळसाच्या पानानं मला चोळू लागला. तोंडावर, खुंट्यांवर, खुंट्यांच्या आट्यांमध्ये, मागच्या फटीतसुद्धा. इतक्या मायेनं मला आजवर कुणी हात लावला नव्हता. मला आनंद झाला हो. त्याचीच आता लाज वाटते.

भोजराज बाहेर आला आणि जागीच थबकला. "बा, हे काऊन केलं?"

"खांदा शेकला ना! उद्या पोळा आहे." म्हातारा हसला. बैल गेल्यापासून पहिल्यांदा हसला.

भोजराजनं ते हसू पाहिलं. "बेस केलं, बा," एवढंच म्हणाला. मग बापाकडे पाठ करून त्यानं सदऱ्याच्या बाहीनं मला भराभर पुसलं. त्याची बायको रुख्मा दारात उभी होती. ती हळूच म्हणाली, "घासतेल आणू का? सप्पा तूप निघते."

"राहू दे. बा पाहून राहिला."

घासतेलाचा, म्हणजे रॉकेलचा, एक बोळा फिरवला असता तर! वरचं तूप बाहीला लागलं. आट्यांतलं आणि फटीतलं तसंच राहिलं. चाक चढलं, नट घट्ट झाले. घट्ट वाटले, असं म्हणा.

पोळ्याला बैलांना सुट्टी असते, लॉरीला कुठली? सौंदडला मालगाडीचा डबा लागलाय, तांदूळ पोचलाच पाहिजे, असा शेठचा निरोप आला. गावातच पोती भरली आणि भोजराज निघाला. कोसभर गेलो असू. गाडीवाटेच्या गचक्यांनी मी लॉरीवर सरकू लागले, चाक माझ्यावर सरकू लागलं. एक नट गेला. दुसरा गेला. दोन कोसांवर तो थांबणार होता, मला ठाऊक होतं. मी किंचाळत होते, "थांब रे, आत्ताच थांब!" त्या खडखडाटात लोखंडाचं कोण ऐकतं? नाल्याच्या उतारावर खुंट्या तुटल्या, चाक निखळलं आणि लॉरी पोत्यांसकट उलटली. भोजराज खाली सापडला. तोरणाखाली उभे केलेले बैल सोडून सगळं गाव नाल्याकडे धावलं. त्याला बाहेर काढलं तेव्हा फार उशीर झाला होता.

तिसऱ्या दिवशी बकारामनं मला खोलली. भोकांत पिवळी हळद होती. त्यानं बोटावर घेतली, वास घेतला. तुपाचा.

मागे सुकराम उभा. "काऊन निसटलं रे चाक?"

बकारामनं हळद धोतराला पुसली. "भोकं मीच चुकीची पाडली, काका. दोष माझाच."

म्हाताऱ्यानं त्याच्या थोबाडीत मारली. गावानं बकारामचं नाव टाकलं, त्याच्याकडे कुणी काम घेऊन जाईना. त्यानं तोंड उघडलं नाही. रुख्मानंही नाही. पिवळ्या बाहीचा सदरा तिनं नदीवर नेऊन तीनदा धुतला.

मला मास्तरांनी घंटेसाठी मागून आणलं. गाडीवाल्यांनो, न जुळणारं चाक लोखंड घालून जुळवू नका, आणि जुळवलंच तर माझ्यासारखीवर भरवसा ठेवू नका. पण तुम्हाला खरी विनवणी वेगळीच आहे. मी सांगितलं ते तुमच्यापाशी ठेवा. सुकरामला कळू देऊ नका.

काल पुन्हा पोळ्याचा आदला दिवस होता. शाळा सुटल्यावर म्हातारा आला. मागे वाटी घेऊन रुख्मा. तूप तिनंच गरम केलं होतं. "तुझा काय दोष, बाई? घडवणाऱ्यानं खोट ठेवली," असं म्हणत त्यानं मला पळसाच्या पानानं चोळलं, एकेका भोकात बोट घालून चोळलं. रुख्मानं तोंड फिरवलं.

मग त्यानं माझ्यावर कपाळ टेकलं आणि गेलेल्या पोराला म्हणाला, "आज आवतन घे, बापू. उद्या जेवाले ये."

मला कुणी मारल्याशिवाय बोलता येत नाही. त्यानं मारलं नाही.