धसकटांतलं पाणी

बांधाच्या कचेरीतल्या साहेबांनो, नदीला उपाशी तुम्ही मारलंत. दोन्ही काठांना भिंतीएवढे बांध घातलेत, तिला गटारासारखं सरळ पळायला लावलंत, आणि मासे रोडावले तेव्हा दोष दिलात जाळी टाकणाऱ्यांना. खुर्चीत बसून पाय सुजतात हे ऐकून होतो. डोळेही सुजत असावेत.

थोरलीला हे तिच्या धाकट्या बहिणीनं समजावलं. धाकटी माशांच्या खात्यात होती, पायात सदा रबरी बूट.

"ताई, धावताधावता खाल्लेलं अंगाला लागतं का? नदीलाही कुठंतरी पसरून बसावं लागतं. बांध नव्हता तेव्हा ती तुझ्याच शेतात बसायची. पीक निघाल्यावर शेत रिकामंच असतं, तेवढे दिवस बसू दे तिला."

"आणि उठली नाही तर?"

"बांधात लोखंडी दार आहे ना. नदी चढली की उघडून आत घ्यायची, उतरली की उघडून सोडायची."

दाराची किल्ली बांधाच्या कचेरीत. धाकटीनं चपला झिजवून एकदाच पाणी घ्यायची परवानगी मिळवली. अट अशी, की साहेब येऊन बघणार. पाण्यात माशांचं खाणं तयार झालेलं दिसलं तर दार दरवर्षी उघडेल, नाहीतर वेल्डिंग करून कायमचं बंद.

थोरलीनं ते मनावर घेतलं. बहिणीचं काम म्हणजे घरचंच कार्य! पाणी यायच्या आधी तिनं कापणीनंतर शेतात उरलेली धसकटं मुळासकट उपटली, काडीकचरा जाळला, राखसुद्धा भरून नेली. मधल्या वरंब्यापलीकडचा अर्धा भाग नवऱ्यावर सोपवला होता. तो म्हणत राहिला, "करतो की! शेत काय पळून चाललंय?" शेवटी पाणी आलं, आणि त्याच्या बाजूची धसकटं तशीच पाण्यात उभी राहिली. थोरलीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. धाकटीला सांगावं तर खात्यानं तिला नेमकं दुसऱ्याच नदीवर धाडलेलं.

साहेब आले त्या सकाळी थोरलीनं त्यांना आपल्याच बाजूला नेलं. पाहुण्याला कोणी अडगळ दाखवतं का? साहेबांनी काचेची बरणी बुडवली, उन्हात धरली. पाणी आरपार दिसत होतं.

"बाई, यात माशांनी खायचं काय? स्वतःचं तोंड बघायचं?" साहेब हसले. "उद्या वेल्डर पाठवतो. हे पाणी पंपानं रस्त्याकडच्या नाल्यात काढून टाका."

जीप वळली तेवढ्यात धाकटी धापा टाकत पोचली. पाण्याकडे बघून तिचा चेहराच उतरला.

"ताई, धसकटं कुठायत?"

"जाळली की. तुझा पाहुणा येणार म्हणून."

धाकटी मटकन बांधावर बसली. "अगं, तेच तर जेवण होतं! धसकट कुजतं, त्यावर बारीक जीव धरतात, त्यांना खाऊन जरा मोठे वाढतात, आणि ते मासे खातात. तू पंगत बसायच्या आधीच चूल पुसून ठेवलीस!"

थोरलीला वाटलं, धरणी पोटात घेईल तर बरं. तेवढ्यात मागून नवरा खाकरला.

"मेहुणीबाई, आमची अडगळ बघता का जरा?"

धाकटीनं त्याच्या बाजूला बरणी बुडवली. पाणी फिक्या चहाच्या रंगाचं. आधी नुसता गाळच वाटला. मग तो गाळ उड्या मारायला लागला! टाचणीच्या डोक्याहून लहान जीव, शेकडो, वरखाली नाचत होते. कुणाच्या पारदर्शक पोटात अंडी दिसत होती. थोरली बघतच राहिली. जन्मभर हे शेत तिनं तुडवलं होतं, आणि इथं मातीनं, उन्हानं न् थांबलेल्या पाण्यानं कुणालाही न विचारता एवढी खानावळ उघडली होती.

"दाजी, तुमच्या आळसाचे पाय धरायला हवेत," धाकटी म्हणाली.

"धर की. तुझ्या बहिणीला दाखवून धर."

मग धाकटीनं, पाणी आलं तेव्हा खात्याच्या माणसानं ठेवून गेलेले पिंजरे काढले. एकाच वेळी सोडलेली एकाच मापाची माशांची पिल्लं, निम्मी नदीत, निम्मी धसकटांत. नदीतली वाळल्या काडीसारखी. धसकटांतली मात्र माहेरी राहून आलेल्या पोरीसारखी अंग धरलेली, हातात ठरेनात. थोरलीनं एक ओंजळीत घेतलं. त्यानं शेपटीचा असा तडाखा दिला की पाणी थेट नवऱ्याच्या तोंडावर. तिघंही हसली.

हसू ओसरल्यावर थोरलीनं बरणी उचलली. चिखलाच्या पायांनीच ती कचेरीत गेली, शिपाई "अहो बाई, अहो बाई" करत मागे. साहेबांच्या टेबलावर, काचेवर, तिनं बरणी ठेवली.

"मघाशी तुम्हाला माझी चूक दाखवली. हे नदीचं काम."

साहेब वाकले. बरणीतलं नाचणं त्यांच्या चष्म्यात उमटलं. त्यांनी बरणी उजेडाकडे फिरवली. मग म्हणाले, "वर विचारावं लागेल."

"विचारा. फोन समोरच आहे." थोरलीनं खुर्ची ओढली आणि बसली. "नदी उतरलीय, शेतातलं पाणी आज तिच्या पोटात जाऊ शकतं. उद्या तुमचा वेल्डर आला की नाल्यात जाईल. या बरणीतले जीव फार तग धरायचे नाहीत. ते नाचताहेत तोवर सांगा साहेब, दार उघडताय की नाही?"