बुद्धाच्या डोळ्यांची आखणी

विहारासाठी मूर्ती सांगितलेल्या सहादेव गुरुजींनी फळीवरची बुद्धाची दोन्ही प्लास्टरची डोकी उचलली आणि कारखान्याच्या दाराशी उन्हात धरली. एकाचे डोळे केशरबाईंनी रंगवले होते, दुसऱ्याचे त्यांच्या सुनेने, अश्विनीने. गुरुजींना जे पसंत पडतील ते डोळे काढणारीने विहाराच्या मोठ्या बुद्धमूर्तीच्या डोळ्यांची आखणी करायची, असं केशरबाईंच्या मुलाने परस्पर ठरवून टाकलं होतं. केशरबाईंना या परीक्षेचं हसूच आलं. नागापुरातल्या या गणपतीच्या कारखान्यात लग्न होऊन आल्यापासून डोळे त्यांनीच आखले होते. सून तर आत्ता कुठे उंदरांच्या शेपट्या रंगवण्यातून वर आली होती.

“बाई, तुमचा बघतोय,” गुरुजी म्हणाले.

“मंग? देवानं बघाय नको व्हय? डोळे उघडले की देव. तवर नुसती माती.”

“आमचा देव नाही, बाई. माणूस आहे.”

“आसं कसं? इष्नूचा नववा अवतार हाय त्यो. आमच्या घरात दशावताराची तसबीरच हाय.”

गुरुजी पाथर्डीकडच्या शाळेतून निवृत्त झालेले. वर्गात नेहमी चुकणारं उत्तर ऐकावं तसे ते हसले.

“अवतारबिवतार नाही. राजाच्या घरी जन्मलेला माणूस. म्हातारपण बघितलं, आजार बघितला, मढं बघितलं आणि घर सोडलं. दुःख कशानं होतं ते शोधायला. सापडलं काय? तृष्णा. मला पाहिजे, मलाच पाहिजे, ही हाव. याच्याकडं कुणी मागायला येत नाही, म्हणून यानं कुणाकडं बघायचं नाही. आत बघायचं.” त्यांनी अश्विनीचं डोकं पुढे केलं. “हे असं.”

केशरबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. त्या दिवशी सुनेच्या हातचा चहा पाणचट लागला, भाकरी जाड लागली, तिची चालसुद्धा तोऱ्याची वाटू लागली. अश्विनीने मूर्तीचे डोळे पुरे केले तेव्हा शेजारचे कारागीरही बघून गेले.

“आई, बघ तरी. जमलंय की गं तिला,” मुलगा म्हणाला.

केशरबाईंनी बघितलं. जमलं होतं. तेच तर खुपलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी अश्विनी मुलीला शाळेतून आणायला गेली. कारखान्यात कुणी नव्हतं. केशरबाईंनी आपला बारीक ब्रश काढला, शिडी मूर्तीला लावली आणि चढल्या. पापणी जराशीच वर उचलायची. गुरुजी बघतील, नाक मुरडतील, आणि मग निस्तरायला बोलावणं कुणाला येईल? त्यांनी सुनेच्या रेघेवर रंग फिरवला, पापणी उचलली, बुबुळाचा काळा ठिपका दिला.

मूर्तीने त्यांच्याकडे बघितलं.

यात नवल नव्हतं. त्यांनी काढलेले डोळे बघायचेच. समोर उभं राहून माणसं काहीतरी मागायची आणि देव त्यांच्याकडे बघायचा, एवढा सरळ व्यवहार. पण आज समोर त्या स्वतः होत्या, आणि त्या काय मागायला शिडी चढल्या होत्या ते या डोळ्यांना दिसत होतं. केशरबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्यांनी घाईघाईने ठिपका बुजवला. पापणी खाली घेतली. तरी तो बघतच होता. आणखी खाली घेतली तर झोपल्यासारखा दिसू लागला. पुसलं, पुन्हा काढलं. पत्र्याखाली घामाच्या धारा लागल्या. शेवटी केव्हातरी एक रेघ उतरली आणि मूर्ती कुणाकडेच बघेनाशी झाली. केशरबाई खाली उतरून मागे सरकल्या. इतकी चांगली रेघ त्यांच्या हातून उभ्या जन्मात उतरली नव्हती. आणि आता ती सुनेच्या नावावर जाणार होती.

त्याच संध्याकाळी मूर्ती न्यायला गुरुजी टेम्पो घेऊन आले. चपला काढून हात जोडून उभे राहिले ते हलेचनात.

“पोरी, काय डोळे काढलेस गं!”

अश्विनी मूर्तीकडे बघत होती. बराच वेळ बघत होती.

“ह्यो माजा हात न्हाई, गुरुजी,” ती म्हणाली. “आत्याबाईंचा हाय.”

सगळे केशरबाईंकडे वळले. ‘व्हय’ म्हटलं की झालं असतं. पण मग पुरे झालेल्या डोळ्यांना हात कशाला लावला, हेही सांगावं लागलं असतं.

“छ्या! तिचाच हाय,” केशरबाई म्हणाल्या. “उगं लाजती.”

“सासू असावी तर अशी!” गुरुजींनी आता केशरबाईंना हात जोडले. “सगळी विद्या सुनेला दिली आणि वर नावही तिलाच.”

केशरबाईंना वाटलं, हातातला रंगाचा डबा फेकून मारावा.

टेम्पो निघाला. दोरांनी बांधलेली मूर्ती मागे तोंड करून बसवली होती. दरवर्षी इथून निघालेले गणपती वळणापर्यंत केशरबाईंकडे बघत जायचे. त्या आजही सवयीने दारात उभ्या राहिल्या. हा खाली नजर लावून निघून गेला.

अश्विनी शेजारी येऊन उभी राहिली.

“आत्याबाई, येक इचारू? मी काडलेले डोळे चुकले हुते का?”

केशरबाईंनी पदराने बोटांवरचा वाळलेला रंग पुसायला घेतला. तो निघेना.

“न्हाई,” त्या म्हणाल्या. “चुकले नव्हते.”