मोहफुलांचा प्रसाद आणि बिसरामचं बोट

मंगळवारी आमगावजवळच्या त्या गावात पाय ठेवायला जागा नव्हती. पिंपळाखाली रक्तातली साखर उतरवणारे महाराज बसले होते! भक्तानं आधी भिजवलेली मोहफुलं हातानं चुरून खायची, मग साखर मोजायच्या मशीनसाठी बोट टोचून घ्यायचं. नंतर मंतरलेल्या पाण्यात हात धुवायचे, की पुन्हा टोचणं.

"चारशे बारा!" महाराज गरजले. "धुवा हात. ओम फट्, साखर कट्!"

दुसऱ्यांदा आले दोनशे चाळीस.

"पाहा, अर्धी साखर पळाली! फेका गोळ्या!"

ते बोट बिसरामचं होतं. याच महाराजांच्या नादानं मधुमेहाच्या गोळ्या फेकून त्याला तीन महिने झाले होते. शेताचा बांध चढताना धाप लागायची, पण छातीत कळ नाही म्हणून स्वारी खूश.

"बाबूजी, दोनशे चाळीसबी जास्तच हाय ना जी!" त्याची नववीतली लेक चेतना चिडली.

"चूप राय! मोठी डॉक्टरीण!"

सांगून सांगून तिचं तोंड दुखलं होतं. तेवढ्यात तिला जाणवलं, प्रसादानं आपलीही बोटं एकमेकांना चिकटताहेत. ती तडक पुढे घुसली.

"महाराज, माहं बोट टोचा."

"तुले कायले साखर राहीन, पोरी?"

"तेच तं पायचं हाय!"

तीनशे सत्तेचाळीस!

"अवो माय! पोरीलेबी लागली!" शेजारची देवकाबाई किंचाळली.

"ही संशयाची साखर!" महाराजांनी संधी साधली. आणि लोकांनी माना डोलावल्या! चेतनाला पिंपळावर डोकं आपटावंसं वाटलं.

ती हापशीवर गेली, साध्या पाण्यानं हात धुतले, ओढणीला खसाखसा पुसले. "आता टोचा. मंत्र नोको."

ब्याण्णव.

"काकी, मोहफुलात साखर रायते. बोटाले लागलेली साखर रक्ताच्या थेंबात मिसळते, मशीन तीबी मोजते. हात धुतले का ते वरची साखर गेली. आतली हाय तेथंच!"

महाराज गाठोडं बांधू लागले.

दुसऱ्या दिवशी बिसराम मुकाट दवाखान्यात गेला. रिपोर्ट आल्यावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी तपासणी दहा टक्क्यांच्या वर आहे, सातच्या आसपास हवी. हृदयाच्या स्नायूलाही इजा व्हायला लागल्याची खूण रक्तात दिसते."

"पण दुखून तं नाही राहिलं जी!"

"साखरेनं नसा बधिर होतात, म्हणून कधी कधी दुखतच नाही. वेळेत आलात. गोळ्या आजपासून सुरू."

बाहेर येताच बिसराम लेकीवर खेकसला, "पयलेच काऊन नाही टोचलं व तू बोट?"

घ्या! तीन महिने ती काय गाणं म्हणत होती?

तर मंडळी, हात धुवा, कोरडे करा, मगच बोट टोचा. तीन महिन्यांची साखर तपासा, हृदयही दाखवा. आणि गोळी बंद करायची का, हे डॉक्टरला विचारा, पिंपळाखाली नाही.