सॉलोमनमामांनी फेकलेलं पीठ

ऐक ना, आधी तो फोन बाजूला ठेव. आपली सावनी चेऊलकर, वृंदावन योजनेतली. तिच्या बाबतीत जे झालंय ना, माझं डोकंच फिरलंय यार!

ती ज्यू आहे, तुला माहितीये. बेने इस्राएल, मूळचे कोकणातले, घरी आपल्यासारखीच मराठी. बाबांची इथे रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये नोकरी, म्हणून लखनौ. अख्ख्या कॉलनीत त्यांचं एकच घर. पेसाख नावाचा त्यांचा सण असतो, त्यात आठ दिवस सणासाठी खास भाजलेल्या बिनखमिराच्या पोळ्या सोडल्या तर घरात गव्हाचा कणसुद्धा चालत नाही. रोजची पोळी नाही, ब्रेड नाही, बिस्कीट नाही. आता इथे खायचं काय?

तर सावनीच्या आईने, माणिककाकूंनी, भारी जुगाड शोधलाय. चैत्रातल्या नवरात्रात इथे घरोघरी व्रत असतं ना? तेव्हा कोपऱ्यावरचा हरिहर चक्कीवाला चक्की पार धुऊन काढतो आणि नऊ दिवस फक्त कुट्टू, म्हणजे इकडचं उपवासाचं बकव्हीट, नि शिंगाडा दळतो. गव्हाला एंट्रीच नाही. काकू तेव्हाच पेसाखचं पीठ भरून ठेवतात. सावनी स्वतः समोर उभी राहून दळून आणते.

यंदा पेसाखला ठाण्याहून सॉलोमनमामा आले. तिकडे ज्यू मुलांचं उन्हाळी शिबिर असतं, त्याचे ते सर्वेसर्वा. आणि सावनीला त्याच शिबिरात लहान मुलांचा वर्ग घ्यायचा होता. वर्षभर तयारी केलीये पोरीने! आपले सण तर शिकवायचेच, पण शेजाऱ्यांचेही. मुहर्रमला ताजिया का निघतो, बड़ा मंगलला, म्हणजे ज्येष्ठातल्या हनुमानाच्या मंगळवारी, रस्तोरस्ती पुऱ्या का वाटतात. चारबाग स्टेशनहून येताना ऑटोतच तिने मामांना वर्गाच्या आराखड्याचा कागद दाखवला. त्यांनी चाळला आणि परत तिच्या मांडीवर ठेवला.

"दुसऱ्यांच्या सणांची नावं माहीत असली की पुरे, बाळ. शुभेच्छा देता आल्या की झालं. आत कशाला शिरायचं?"

"पण मामा, आम्ही राहतो त्यांच्यातच."

"राहा की! शिरू नका."

सावनीने कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. वर्ग हवा होता ना.

घरी आल्यावर मामा पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले, आणि पिठाच्या पिशव्या दिसल्या. हरिहर प्रत्येक पिशवीवर देवीचं चित्र चिकटवतो. बस्स!

"माणिक! पेसाखच्या घरात हे?"

"दादा, अरे चित्राचं काय घेऊन बसलास? पीठ बघ, एकदम चोख आहे."

कसलं काय! मामांनी चारही पिशव्या उचलल्या आणि गेटवरच्या गायीपुढे रिकाम्या केल्या. सावनी बाल्कनीतून बघत राहिली. तासभर रांगेत उभी राहून आणलं होतं तिने ते!

वर मामाच ऐटीत बाहेर गेले आणि नवं पीठ घेऊन आले. कोऱ्या पांढऱ्या पिशवीत. "हे बघ, कुट्टूच आहे. आणि देवी नाही, काही नाही."

"कुठून आणलंस, मामा?"

"कोपऱ्यावरच्या चक्कीवरून. समोर दळून घेतलं."

नवरात्र संपून चार-पाच दिवस झालेले. तिने हरिहरला फोन लावला. तो म्हणाला, "बिटिया, व्रत वाला तो नवमी तक था. अब तो सुबह से गेहूँ चल रहा है. साहब ने पूछा ही नहीं."

विचार कर! सण सुरू व्हायला दोन तास, आणि घरात गहू कुणी आणला, तर मामांनी! गप्प बसली असती तर वर्ग पक्का होता. पण मग सगळ्यांनी आठ दिवस तेच खाल्लं असतं. तिने सरळ सांगून टाकलं.

मामा लालेलाल. "तू मला पेसाख शिकवतेस?"

"पेसाख नाही मामा. नवरात्र."

त्यानंतर आठ दिवस उकडलेले बटाटे आणि मामांनी ठाण्याहून आणलेल्या बिनखमिराच्या पोळ्या. मामा तिच्याशी एक शब्द बोलले नाहीत. आणि परत गेल्यावर काय केलं माहितीये? काकूंना मेसेज! 'मुलीला आपल्यापेक्षा दुसऱ्यांचंच जास्त कळतं. शेजाऱ्यांचे सण काढून टाकायचे आणि मला माफीचं पत्र लिहायचं, तरच वर्ग. उद्या संध्याकाळपर्यंत.'

माफी! कशाची? त्यांचाच सण वाचवला म्हणून?

काकू म्हणतात, लिही दोन ओळी, तुझं काय जातंय. बाबा म्हणतात, अजिबात लिहू नकोस. आणि सावनी सकाळपासून तो कागद पुढ्यात घेऊन बसलीये. अजून एकही सण खोडलेला नाही, की एकही ओळ लिहिलेली नाही.

तू सांग ना. तू असतीस तर काय केलं असतंस?