लुडोविकच्या ढालीवरची पट्टी

ड्रमकेर्न घराण्याच्या ढाली रंगवण्याचे काम बरीच वर्षे माझ्याकडे होते. निळ्या जमिनीवर तीन चंदेरी बगळे ही त्या घराण्याची खूण. परंतु ती निर्भेळ मिरवण्याचा हक्क एकट्या प्रमुखाचा. धाकट्या भावाने तिला सोनेरी किनार जोडायची, त्याहून धाकट्याने नागमोडी. थोरल्या मुलाच्या ढालीवर, वडील हयात असेपर्यंत, तीन दातांची तांबडी आडवी पट्टी. आमच्या स्कॉटलंडात ढाल पाहिली की माणूस घराण्यात कुठे उभा आहे, ते कळते.

फेब्रुवारीत लॉर्ड ड्रमकेर्न वारले. रविवारच्या प्रार्थनेपूर्वी चर्चच्या सज्जातल्या ढाली रीतीप्रमाणे बदलायच्या, म्हणून शनिवारी सकाळी मी शिडी लावली. पण बदलायची कोणती, हेच ठरले नव्हते. एकुलता मुलगा लुडोविक ज्या जहाजावर होता, ते आदल्या वर्षी हॉर्न भूशिराकडे जाताना नाहीसे झाले. मालकांनी ते बुडाले असे धरले. आईने, लेडी मार्जरींनी, धरले नाही. लुडोविक जिवंत असेल तर त्याची पट्टी काढायची. नसेल तर प्रमुखपद काका निनियन यांचे, आणि त्यांची किनार काढायची.

"लवकर ठरवा मास्तर," चर्चचा सेवक टॅमस शिडी धरून म्हणाला. "तुम्ही वर विचार करत बसाल आणि खाली माझे हात गळून पडतील."

तेवढ्यात लेडी मार्जरी आणि निनियन दोघेही आले. बाईसाहेब नखशिखान्त काळ्या कपड्यांत होत्या. टॅमसची नजर त्यांनी ओळखली.

"हे काळं माझ्या नवऱ्यासाठी आहे," त्या म्हणाल्या. "मुलासाठी नाही."

"वहिनी, माझी किनार राहू दे," निनियन म्हणाले. "साठी आली. आता ती अंगाला चिकटलीय."

"लोक तुम्हाला नावं ठेवतील, भावोजी. घर निर्नायकी ठेवलं म्हणतील."

"ठेवू देत. माझ्या मेंढ्यांनासुद्धा ठेवतात."

बाईसाहेब हसल्या नाहीत. मान वर करून त्यांनी मला विचारले, "नियम काय आहे?"

मला बरे वाटले नाही, पण नियम सांगणे भाग होते. "मुलगा वडिलांच्या आधी गेला, तर पट्टी तशीच राहते, बाईसाहेब. कायमची."

"आणि नंतर गेला तर?"

"तर तो प्रमुख होऊन गेला. आधी त्याची पट्टी निघते. मग त्याच्यामागून काकांची किनार."

"आधी की नंतर, हे कुणी पाहिलंय?"

सज्जात गारठा होता. निनियननी टोपी काढून हातात घेतली. मुलगा वर्षभरापूर्वीच गेला असणार, हे आम्हा चौघांनाही दिसत होते. तसे बोलून दाखवण्याचा अधिकार मात्र एकाच बाईला होता.

"पट्टी काढा, मास्तर," निनियन म्हणाले. "पोरगा आमचा प्रमुख होता. कुणी विचारलं तर मी सांगेन."

थोरल्या मुलाची पट्टी एक ना एक दिवस निघायचीच असते. म्हणून आम्ही ती वॉर्निशच्या वर रंगवतो. टर्पेंटाइनचा बोळा फिरवताच तांबडा रंग सुटला. खाली निळी जमीन स्वच्छ होती. वडिलांची आणि मुलाची ढाल आता शेजारीशेजारी अगदी सारखी दिसू लागली.

बाईसाहेब बाकावर बसल्या. त्या बराच वेळ लुडोविकच्या ढालीकडे पाहत होत्या. टॅमसने शिडी सोडली नाही, आणि हातांबद्दल पुन्हा अवाक्षर काढले नाही.

"शोभतंय त्याला," अखेर त्या म्हणाल्या. मग दिराकडे वळल्या. "भावोजी, लुडोविक गेला."

निनियन खाली वाकून त्यांच्या शेजारी बसले. "हो, वहिनी."

"आता ह्यांची किनार काढा, मास्तर. उद्या लोक यायच्या आत व्हायला हवं."

किनार वॉर्निशच्या आतली होती. ती खरवडूनच काढावी लागणार होती. मी शिडी सरकवली आणि खालच्या टोकापासून सुरुवात केली. सोन्याचा भुगा बाकावर पडत होता. निनियननी वर पाहिले नाही. बाईसाहेबांनी त्यांचा हात धरला होता, आणि त्या आता मोठ्याने रडत होत्या.