हेमावतीच्या लेखाचा पहिला संदर्भ

हेमावती दिल्लीहून नर्सिंगची एम.एस्सी. करून सोलापूरला परतली आणि आमच्या नर्सिंग शाळेत शिकवू लागली, तेव्हा तिचं संशोधन म्हणजे डॉक्टरांना करमणूकच होती. मंद्रूपकडच्या लिंगायत बायका बाळंतपणाला दवाखान्यात का येत नाहीत, हे ती त्यांच्याच तोंडून ऐकत होती. टक्केवारी नाही, तक्ते नाहीत. शाळेच्याच दवाखान्यातल्या प्रसूती विभागाचे मोठे डॉक्टर म्हणायचे, आकडे नसतील त्याला गप्पा म्हणतात, संशोधन नव्हे.

मीही शाळेत शिकवायचे, तिला सोबत म्हणून जायचे. मी सांगोल्याची, मला कानडी ओ की ठो कळत नाही. हेमावती बायकांबरोबर ज्वारी निवडायला बसायची आणि गप्प ऐकायची. मला ते जमलं नसतं, मी मधेच चार गोष्टी सुनावल्या असत्या.

गुरम्मा नावाच्या एका सुनेचं पहिलं मूल घरीच अडून गेलं होतं. तरी ती दवाखान्याचं नाव काढू देत नव्हती. कारण तिनं बऱ्याच भेटींनंतर सांगितलं, ते हेमावतीनं मला परतताना मराठीत सांगितलं. प्रसूतीच्या खोलीत नेताना अंगावरचं सगळं काढायचा नियम होता, आणि त्यात लिंगायत जन्मभर अंगावर वागवतात ते गळ्यातलं इष्टलिंगही काढून ट्रेमध्ये ठेवत. लिंग अंगावेगळं झालं की गुरम्माच्या लेखी ती मेलीच. हेमावती स्वतः लिंगायत, म्हणून गुरम्मा एवढं तरी बोलली.

हेमावतीनं नावं बदलून लेख लिहिला. बायका दवाखान्याला भीत नाहीत, लिंग काढून घेण्याला भितात; ते दंडाला बांधू द्या, त्या येतील. नर्सिंगच्या मासिकात तो छापून आला आणि वर्षभर कुणी त्याचं नावही काढलं नाही. हेमावती मात्र मंद्रूपला जाऊन, आता नियम बदलेल, असं गुरम्माला सांगून आली.

शहात्तर साली मोठ्या डॉक्टरांचा लेख डॉक्टरांच्या मासिकात आला. त्यात हेमावतीच्या लेखाचा संदर्भ होता, तिच्या कामाचा पहिलाच. आम्ही शाळेत पेढे वाटले. पेढा खाता खाताच तिनं ते वाक्य वाचलं: 'या स्त्रियांची धार्मिक अंधश्रद्धा हाच मुख्य अडथळा असल्याचे आढळले आहे.' आढळलं म्हणे. पुढच्या आठवड्यात त्याच आधारावर दवाखान्यात फलक लागला, धार्मिक वस्तू दारातच नातेवाइकांकडे द्याव्यात, अपवाद नाही. हेमावती डॉक्टरांकडे भांडायला गेली. ते म्हणाले, तुमचंच नाव मोठं झालं, रागावता कशाला. माझा तर नुसता संताप झाला.

त्याच महिन्यात गुरम्मा दुसऱ्या बाळंतपणाच्या कळा सुरू होताच सासूला, निंगव्वाला, घेऊन मंद्रूपहून आली. हेमावतीच्या शब्दावर आली. दारावरच्या नर्सनं लिंग काढायला सांगितलं. हेमावती धावत गेली, नर्सशी वाद घातला. मोठे डॉक्टर बाहेर आले.

"नियम तुमच्याच संशोधनावरून केलाय," ते शांतपणे म्हणाले.

गुरम्मानं ते ऐकलं. तिनं एकदा हेमावतीकडे पाहिलं, सासूचा हात धरला आणि पायऱ्या उतरली.

नवी पेठेमागं गुरम्माच्या मावशीचं घर होतं. बाळंतपणाची पेटी घेऊन आम्ही दोघी मागोमाग तिथं गेलो. निंगव्वा आत घेईना. कळा वाढल्या तेव्हा मावशीनंच दार उघडलं. हेमावतीनं लिंग गळ्यातून काढून पट्टीनं गुरम्माच्या दंडाला पक्कं बांधलं आणि कामाला लागली. मूल पायाळू होतं. मी पाणी, कापड पुढं करत राहिले, ती मूल सोडवत राहिली. संध्याकाळी मुलगी झाली. ती रडली आणि मीही रडले.

हेमावती हात धुऊन उशाशी बसली. गुरम्मा तिच्याशी नेहमी कानडीत बोलायची. आता, मलाही कळावं म्हणून असेल, ती मराठीत बोलली.

"अक्का, तुमचं उपकार लई हायत. पर ह्यातलं कुटं काय लिहू नका."

"नाही लिहिणार," हेमावती म्हणाली.

दवाखान्यातला फलक तसाच राहिला. तो चुकीचा आहे हे दाखवायला तिच्याकडं या बाळंतपणाचा एवढा एकच पुरावा होता.