दाराआडची ओटी

"राग आला की ओरडू नको, सुचिता. गा." सासूबाईंचा हा शब्द मी कधी मोडला नाही.

धोंडूबाईंना, माझ्या सासूबाईंना, शिमग्याच्या पालखीची सगळी गाणी पाठ. पण मामंजी गेले, आणि पालखी अंगणात टेकली की त्या दाराआड बसू लागल्या. तिथून ओळी सांगायच्या, देवीपुढं आम्ही सवाष्णींनी गायच्या. जाताना माझा हात धरून म्हणाल्या, "माझ्यामागं कुणाला दाराआड बसू देऊ नको गो." मी हो म्हटलं.

यंदा ती पाळी शेजारच्या कोकिळेवर आली. नवरा कंपनीतल्या आगीत गेला. "काकी, मला भांडान नको," ती म्हणाली, "पण पालखीतल्या आईपुढं उभं ऱ्हायचं हाय."

गावकीच्या बैठकीत गावकीचे पुढारी धर्माजींनी ठरवूनच टाकलं. "पालखी तिच्या दारात जाईल. ओटी तिची जाऊ भरील."

"घर तिचं, मग ओटी तिनं का नाही?" मी हळूच विचारलं.

"वैनी, तुम्ही रोज पोथी वाचता, मंगळवार धरता. आनि हे आमाला इचारता?"

मंडळी हसली.

घरी येऊन दिवा लावायला बसले, तर वात पेटेना. आमची देवी देवळात एकटीच आहे. शेजारी देव नाही. तिला कधी कुणी विचारलं का, बाई, तुझा नवरा कुठाय? तिच्यापुढं नाक घासायचं आणि तिच्यासारखीच एकटी बाई दिसली की दाराआड ढकलायची! असला कसला तुमचा देवधर्म?

ओरडले नाही. गाणं रचलं.

*एकली माझी आई गो, एकली देवळात,*
*तिला न्हाय पुसलं कुनी, मला पुसता दारात!*

वाल उपटताना बाया ते म्हणू लागल्या. बोर्लीच्या बाजाराला जाताना टेम्पोत म्हणू लागल्या. धर्माजींची सोनाबाई तर हसत सांगून गेली, "हे म्हनतात गप बस. मी म्हनलं, देवीचंच गानं हाय, गप कशी बसू?"

पालखीच्या दिवशी ओटी भरेपर्यंत मी पाणीही घेत नाही. पालखी आमच्या अंगणात टेकली, ढोल थांबले. जिथं टेकली त्या दारातली ओटी भरल्याशिवाय पालखी उचलायची नाही, ही गावची रीत.

"भरा, वैनी."

"भरते. पण आज या दारात आम्ही दोघी भरणार. कोकिळा आणि मी."

धर्माजींचा आवाज चढला. "देवीला उन्हात ताटकळवता?"

"मी नाही. तुम्ही."

भोई एकमेकांकडं बघत राहिले. ओटीवाचून खांदा कोण देणार? मागून सोनाबाईनं पहिली ओळ उचलली, तशा सगळ्याच गाऊ लागल्या.

माझा घसा कोरडा पडला होता. मी ताट देवीपुढं ठेवलं, दुसरा नारळ पदराखाली घेतला आणि अनवाणीच कोकिळेच्या बंद दाराकडं चालू लागले.